खिळा आहे, दोरी नाही

प्रज्ञा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार जण बोलले आणि चौघांनी एकच गोष्ट सांगितली, की प्रज्ञाताई अवघड ते सोपं करून सांगायच्या. मी मागे खांबाला टेकून बसले होते. तू शेजारी असतीस तर माझ्या कानाशी वाकून म्हणाली असतीस, "उमे, बघ. मेल्यावर बी सोपंच म्हणायलेत."

या एका कौतुकाचा तुला जन्मभर राग होता. सोपं नाही, वेगळं, असं तू किती जणांना सांगितलंस. विचार तोच ठेवून त्याचे कपडे स्वस्त केले असं लोकांना वाटायचं. तुझं म्हणणं होतं की विचार मांडण्याची रीत बदलली की विचारच बदलतो, पूर्वी न दिसलेलं दिसू लागतं. हे एकाही वक्त्याने सांगितलं नाही. मग तुमच्या गावच्या शाळेचे हेडसर उठले. नवीन बदलून आलेले, भला माणूस. म्हणाले, "ताईंची आठवण म्हणून व्हरांड्यातली ती भिंत साफ करून रंगवून घेऊ आणि तिथं ताईंचा मोठा फोटो लावू." माना डोलल्या. तुझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या भिंतीवर काय आहे ते माहीत असणारी माणसं तिथे होती, पण दुःखाच्या घरात फोटोला नको कोण म्हणणार?

सेलूला परत येताना ऑटोत मला नीट उमगलं. तुझं काम पुसायला निघालेत, आणि तेही तुझ्याच नावाने.

म्हणून लिहायला बसले आहे. वाक्यांत लिहिते आहे, एकाखाली एक, जी रीत तुला अरुंद वाटायची. माझ्याकडे दुसरी नाही.

आपलं भांडण कुठे सुरू झालं ते तुला आठवत असणार. आमच्या सेलूच्या कापडाच्या दुकानात. आपण नववीत होतो. मी घडाघडा म्हणून दाखवत होते, अ अधिक ब याचा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग. तू गादीवरचा मांजरपाटाचा चौकोनी तुकडा उचललास, एक घडी उभी घातलीस, एक आडवी, आणि उलगडून माझ्यापुढे पसरलास. एक मोठा चौकोन, एक लहान चौकोन, आणि दोन सारख्या पट्ट्या. "हे बघ तुझे दोन अब," म्हणालीस. मी पाहतच राहिले. इतके दिवस जे फक्त तोंडात होतं ते समोर गादीवर पडलं होतं. मागून बाबा ओरडले, "अगं पोरींनो, त्या कापडाला गिऱ्हाईक हाय. घड्या पाडून ठेवल्या तर माझ्या बोकांडी बसंल."

मला हरायचं नव्हतं. मी म्हणाले, "हे अधिकचं झालं. आता वजाचं दाखव. अ वजा ब. जे नाही ते कापडावर कसं दाखवशील?"

तू कापड पुन्हा सपाट केलंस. मग एका कडेची पट्टी मागे दुमडलीस, दुसऱ्या कडेची दुमडलीस, आणि उरलेला चौकोन माझ्यापुढे धरलास. कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणालीस, "हा कोपरा दोनदा दुमडला गेलाय. दोनदा वजा झाला. म्हणून ब वर्ग एकदा परत द्यायचा. अन् वजा म्हणजे गेलेलं न्हाई, उमे. मागं दुमडलेलं."

सूत्रात शेवटी अधिक ब वर्ग का येतो हे मला त्या दुपारी कळलं आणि नंतर कधी विसरले नाही. पण तुझं शेवटचं वाक्य मला पटलं नव्हतं. आजही पटत नाही. तू गेल्यापासून लोक मला याच अर्थाचं ऐकवतात. ताई आपल्यातच आहेत, कुठे गेल्या नाहीत, मुलांमध्ये आहेत, वाऱ्यात आहेत. मी ऐकून घेते आणि मनात म्हणते, नाही. तू मागे दुमडलेली नाहीस. घडी उलगडली तर तू सापडणार नाहीस. मला या बाबतीत कोणी गोड बोलून फसवू नये, आणि त्यासाठी तुझंच कापड तर मुळीच वापरू नये.

पुढे मी तत्त्वज्ञान घेतलं, तू गणित आणि मग कॉम्प्युटर. मी सेलूत तर्कशास्त्र शिकवायला लागले, तू पुण्यात प्रोग्रॅम लिहायला. रविवारी फोन यायचा. "काय करायलीस, पंडिते?" इथून सुरुवात. एकदा तू फार वैतागलेली होतीस. म्हणालीस, "आमचं काम म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघायचं. हजारो ओळी, एकाखाली एक. एका वेळी पन्नास दिसतात. नवरदेव दिसला तर नवरी दिसत नाही. कागद अरुंद होता म्हणून माणसानं विचार अरुंद केला, आता कागद गेला तरी विचार अरुंदच. पाच माणसं भोवती फिरून बघतील, हात लावतील, इकडची वस्तू तिकडं ठेवतील, असा प्रोग्रॅम का नसावा? असं गणित का नसावं? तुझं तत्त्वज्ञान बी."

मी म्हणाले, "वाक्याला सुरुवात आणि शेवट असतो, म्हणून माणूस त्यात पकडता येतो. तुझ्या अंगणात कुणीही कुठूनही पळून जाईल."

"पळू दे की. पळालेला दिसंल तरी."

आणि मी पुन्हा तिथेच यायची. तुझ्या अंगणात 'नाही' कसं दाखवशील? झाडाचं चित्र काढता येतं, झाड नाही याचं चित्र काढता येत नाही. काढायला गेलीस तर कोरा कागद, आणि कोरा कागद म्हणजे घोडा नाही, घर नाही, काहीही नाही. नकार द्यायला भाषाच लागते. हा माझा किल्ला होता आणि तू बरीच वर्षं त्याच्याभोवती फिरत राहिलीस.

खरं तर उत्तर तुझ्या घरात होतं, आणि आपण दोघींनी ते लहानपणी पाहिलेलं होतं.

तुझ्या गावच्या घरात मधल्या खोलीत एक कोनाडा आहे. शाळेत असताना मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले, तेव्हा वेणी घालताना माझा कंगवा त्या कोनाड्यात ठेवला. तुझी आई चुलीपुढून उठून आली, तिने कंगवा उचलून माझ्या हातात दिला. "तिथं ठेवू नको बाई. ते रिकामं ठेवायचं हाय." मला वाटलं, आमच्या घरच्या वस्तू तिथे चालत नसतील. तसं नव्हतं. तिथे तुमच्या घरातलीही काडेपेटी कधी ठेवली जात नव्हती. तुझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा कोनाड्यातले देव दुधना नदीत सोडून आले. लोकांनी सांगितलं, आता कोनाडा बुजवून टाक. ते म्हणाले, बुजवला तर मी काय सोडलं ते नातवंडांना कसं कळंल? बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर त्यांनी समोरच्या भिंतीला लावली. कोनाडा तसाच ठेवला. दर दिवाळीला त्याला आतून चुना लागतो आणि तो रिकामा राहतो. आमच्या घरी देवघर गजबजलेलं, गळ्यात लिंग. रिकामी जागा इतकी जपतात हे मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिलं.

कंगवा हातात घेऊन मी विचारलं होतं, "तिथे काहीच कसं नाही?" तू म्हणालीस, "काही न्हाई असं न्हाई. तिथं न्हाई म्हणून ठेवलंय."

हे तू म्हणालीस आणि विसरलीस. मीही विसरले.

पुणे सोडून तू घरून काम करायला गावी आलीस, तेव्हा देवगाव फाट्यापासून वालूरपर्यंत तुझ्याबद्दल बोललं गेलं. काढून टाकलं असेल, लग्न जमत नसेल, डोक्यात काहीतरी गेलं असेल. तू शाळेतली मुलं गोळा केलीस आणि त्यांना गावातल्या विहिरींचं पाणी मोजायला लावलंस. दोरीला दगड बांधायचा, तळापर्यंत सोडायचा, वर काढून दोरी किती भिजली ते बघायचं. आकडा मोबाईलवर टाकायचा. तुझा प्रोग्रॅम नकाशा काढायचा. पहिलाच नकाशा आला तो अर्ध्या गावाला लाल. म्हणजे तिथल्या सगळ्या विहिरी कोरड्या. भर हिवाळ्यात.

मुलांनी खोटं लिहिलं नव्हतं. ज्या विहिरीपर्यंत ती गेलीच नव्हती तिथे त्यांनी शून्य टाकलं होतं. शाळेत त्यांना पक्कं शिकवलेलं होतं की उत्तर येत नसलं तरी रिकामी जागा सोडायची नाही. तू मला फोनवर हे सांगताना हसत होतीस आणि मधेच थांबलीस. "उमे, यांना रिकामं ठेवायची भीती घातलीय गं. पाणी न्हाई अन् माहीत न्हाई, दोन्ही एकच करून टाकलंय."

मी माझ्या तासाला शिकवते तेच तुला सांगितलं. जमिनीवर घडा नाही हे कोणाला दिसतं? जो घडा शोधायला आला त्याला. बाकीच्यांना नुसती जमीन दिसते.

पलीकडून कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणालीस, "मग ते शोधायला येणंच काढलं पाहिजे की चित्रात."

दुसऱ्या आठवड्यात तू मला भिंत दाखवायला बोलावलंस. शाळेच्या व्हरांड्यात, गावाचा नकाशा मनात धरून, जिथे विहीर असेल तिथे खिळा. खिळ्याला सुतळी, विहिरीतल्या एका हात पाण्याला चार बोटं. जिथे जास्त पाणी तिथे सुतळी लांब लोंबते. विहीर पाहिली आणि कोरडी निघाली तर खिळा आहे, दोरी नाही. विहिरीपर्यंत कोणी गेलंच नाही तर खिळाच नाही. मोबाईलमध्ये एक बटण वाढवून हे करता आलं असतं, असं तूच म्हणालीस. पण बटण एकटा माणूस दाबतो, आणि भिंतीपुढे पाच जण उभे राहून भांडतात. मी तिथे उभी होते तेव्हा खरंच दोन बाया भांडत होत्या की खालच्या आळीची सुतळी वरच्या आळीपेक्षा लांब असूच कशी शकते.

माझा किल्ला पडला होता. 'नाही' माझ्यासमोर भिंतीवर होतं, आणि एक नव्हे, दोन प्रकारचं. तू मुलांना सांगितलंस, "ही खिळ्याची कल्पना उमाताईची." मी लगेच नाही म्हणाले. तू म्हणालीस, "बघा, हिला न्हाई म्हणायला लय आवडतं."

आणि वरच्या आळीतल्या किसनरावांच्या विहिरीचं. त्यांनी मुलांना विहिरीवर येऊ दिलं नाही. कोणत्या घरची मुलं आहेत हे पाहून येऊ दिलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. भिंतीवर त्यांच्या विहिरीच्या जागी काय करायचं? खिळा नाही म्हणावं तर मुलं गेली होती. नुसता खिळा ठेवावा तर विहीर कोरडी नव्हती. तू खिळ्याला सुतळीची फक्त एक गाठ मारलीस. विचारलं, पण पाहू दिलं नाही. साऱ्या भिंतीवर एकच गाठ. चार दिवसांनी किसनराव हात मागे बांधून व्हरांड्यात आले. सगळी भिंत पाहिली, आपल्या विहिरीपाशी थांबले.

"माझ्याच खिळ्याला गाठ कशापायी?"

"दोरी सोडू दिली न्हाई तुमी," तू म्हणालीस.

"माझ्या विहिरीला पुरुषभर पाणी हाय."

"असंल. भिंतीला काय म्हाईत?"

ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोरं पाठवा. त्या गावात जे भाषणांनी झालं नव्हतं ते एका गाठीने झालं, असं मी म्हणाले तेव्हा तू मला झापलंस. "लगेच भाषण करू नको. एक विहीर मोजली, एवढंच झालंय." बरोबर होतं तुझं. पण तेवढं झालं होतं.

आपलं शेवटचं भांडण राहून गेलं. तू खाटेवर पडून होतीस, दुपार होती, तुझी आई बाहेर तूर पाखडत होती. मी अशा वेळी वाद काढायला नको होता, पण तू म्हणालीस की आजाऱ्यासारखं बोलू नको, नेहमीसारखं बोल. म्हणून मी नेहमीसारखं बोलले. म्हणाले, "तुझी भिंत स्वतःचा नियम सांगत नाही. बिनदोरीचा खिळा म्हणजे कोरडी विहीर, हे भिंतीवर कुठे आहे? ते कोणीतरी तोंडाने सांगावं लागतं. म्हणजे शेवटी वाक्य लागतंच."

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालीस, "मग ते तू सांग की. मी कुठं न्हाई म्हणायले."

यावर मला उत्तर द्यायचं होतं. हे उत्तर नाही, हा तोडगा आहे, असं म्हणायचं होतं. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आणखी एक सांगायचं राहिलं. माझ्या वर्गात हल्ली मी विधानं फळ्यावर लिहीत नाही. चिठ्ठ्यांवर लिहून बाकांवर मांडते, आणि मुली भोवती फिरून कोणतं कोणाला खोटं पाडतं ते शोधतात. तुला आवडलं असतं. तू "आली का अंगणात" म्हणून चिडवलं असतंस, म्हणून मी लांबवत होते.

तर पुण्यानुमोदनानंतरच्या सोमवारी मी फाट्यावर उतरून तुझ्या गावी गेले. व्हरांड्यात रंगाचे डबे उघडलेले होते. सगळ्या सुतळ्या काढून एका घमेल्यात टाकलेल्या. खिळे अजून उपटायचे होते, आणि त्यांच्या मधोमध एक नवा मोठा खिळा ठोकलेला. फोटोसाठी. फोटो भिंतीला टेकून ठेवला होता, हार घालून. त्यात तू पुण्याच्या ऑफिसातलं गळ्यातलं कार्ड घालून हसते आहेस. तुला न आवडलेला फोटो.

मी आयुष्यात चारचौघांत मोठ्याने बोललेली नाही. त्या दिवशी बोलले. "सर, थांबा. ही भिंत रंगवायची नाही."

हेडसर गोंधळले. "मॅडम, ताईंचाच फोटो लावायचाय. सुतळ्या लोंबकळायल्या होत्या नुसत्या. पाहुणे येणार, बरं दिसतं का?"

"त्या लोंबकळत नव्हत्या. ते पाणी होतं."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. हात आणि बोटं, खिळा आणि दोरी, खिळा आणि गाठ, आणि खिळा नसणं. वाक्यांत सांगितलं, एकामागून एक. रंगारी ब्रश हातात धरून ऐकत होता. हेडसर घमेल्याकडे बघत म्हणाले, "मला हे कुणी सांगितलंच न्हाई हो. मला वाटलं पोरांची सजावट हाय." त्यांची चूक नव्हती. भिंत स्वतः बोलत नाही, आणि जिला बोलायला सांगितलं होतं ती सेलूत बसून होती. त्या दुपारचं तुझं वाक्य तोडगा नव्हतं, हे मला तिथे कळलं. ते काम होतं.

सुतळ्या पुन्हा लावता येईनात. कोणती कुठली ते कळायला मार्ग नव्हता. एक मुलगी म्हणाली, अंदाजानं लावू. मी म्हणाले, नाही. अंदाजाने लावलेली भिंत रंगवलेल्या भिंतीपेक्षा वाईट. मग हेडसरांनीच दोरी मागवली, दगड बांधला आणि मुलं निघाली. तो दिवस आणि पुढचा दिवस गेला. मी तुझ्या घरी राहिले. मधल्या खोलीत झोपले, कोनाड्यासमोर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंत पुन्हा भरली. फोटो हेडसरांनी ऑफिसात लावला. त्याला माझी हरकत नाही, ऑफिसात फोटो असतात. मोठ्या खिळ्याकडे बोट दाखवून रंगाऱ्याने विचारलं, "ह्यो उपटू का?"

मी म्हणाले, "राहू द्या."

किसनराव आले होते, आपली सुतळी मोजायला. यंदा पाणी हातभर कमी आहे. बोटं लावून बघितलं, मान हलवली, आणि मग त्यांची नजर मधल्या खिळ्यावर गेली.

"ही कोणची विहीर? इथं तर विहीर न्हाई आपली."

सांगायचं काम माझं होतं. मी म्हणाले, "विहीर नाही, आबा. प्रज्ञाचा आहे."

ते त्या खिळ्याजवळ सरकले. त्यांना मी बाकी काही समजावून सांगितलं नाही. त्यांना भिंत वाचता येते.

"खिळा हाय, दोरी न्हाई," ते म्हणाले. "म्हंजी बघून आले."

"हो. बघून आले."

"अन् न्हाई."

"नाही."